डावी काच

३ मार्च, मंगळवार

सगळं बदललं ते आज सकाळी, तिने डोळ्यांवरचा गॉगल काढून त्यातलं पाणी माझ्या काउंटरवर ओतलं तेव्हा.

चमचाभर असेल पाणी. काचेवरून घरंगळत गल्ल्यापर्यंत गेलं. अंगाला टॉवेल, पाय अनवाणी, कोपरांवरून थेंब गळतायत, आणि आवाज असा की जणू मीच तिला बुडवायला निघालो होतो.

"हे विकता तुम्ही? डोळ्यांत पाणीच घालायचं तर औषधाचे थेंब विका ना."

कॉलेज सोडल्यापासून या वहीत काही लिहिलं नव्हतं. शेवटच्या पानावर नुसत्या शिव्या आहेत, विभागप्रमुखांना. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ते सगळ्यांसमोर माझ्या आकृतीला हसले, मी प्रयोगशाळेतलं स्टूल उचलून फळ्यावर फेकलं, फळा दुभंगला, मी दार आपटलं ते कायमचं. तेव्हापासून मामाच्या दुकानात. तरणतलावाच्या फाटकाला लागून दुकान आहे: पोहण्याचे कपडे, टोप्या, गॉगल, कानातले बोळे. मामा मला 'अर्धे इंजिनिअर' म्हणतो. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

मी गॉगल बदलून दिला. ती तलावावर गेली आणि थोड्या वेळात परत. डाव्या काचेत पाणी. दुसरा दिला. पुन्हा डाव्या काचेत पाणी. तिसऱ्या खेपेला मात्र तिला हसू फुटलं.

"ए, तुमच्याकडे फक्त उजव्या डोळ्याचा माल येतो का?"

खलास. तिथेच संपलो मी. ठरवलं, हिला न गळणारा गॉगल मी शोधून देणार. मग दुकानं पालथी घालावी लागोत नाहीतर माणसं.

मामा काउंटर पुसत म्हणाला, "अर्धे इंजिनिअर, गॉगल शोधणार आहात की नुसते डोळे?"


५ मार्च, गुरुवार

माहिती काढली. तलावावर तिला सगळे पाणबुडी म्हणतात, कारण उडी मारली की पार मध्यावर जाऊन डोकं वर काढते. आई नाही. वडील म्हणजे इथले प्रशिक्षक, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात. पाच एप्रिलला निवड चाचणी आहे. निवड झाली तर दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहून सराव.

म्हणजे गॉगल नीट बसला तर ती जाणार. हे डोक्यात आलं तसं झटकून टाकलं. म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

सर पहाटे सगळ्यांच्या आधी येतात. हातात लांब बांबू, नवशिक्यांना धरायला देतात तो. फेरी हळू झाली की फाट्कन आवाज येतो, इथे दुकानात ऐकू येतो. पाण्यावर आपटत असणार. ती काठाशी आली की स्वतः वाकून मागून तिचा पट्टा ओढतात. "आवळ! ढिला ठेवतेस म्हणून गळतं." केवढी काळजी! आमच्या बाबांनी कधी माझ्या बुटाची नाडी बांधली नाही, 'तोंड दाखवू नकोस' म्हणायला तेवढा वेळ काढला. बाप असावा तर असा.

दुपारी एक टक्कल पडलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "सरांची पोरगी ना? नाटकी आहे. पोहणारीने पाण्याला रडायचं म्हणजे काय!" मी काउंटरवरून त्याची कॉलर धरून त्याला अर्धा आत ओढला. टोप्यांचा स्टँड कोसळला. त्याच्या सदऱ्याची बटणं तुटली, माझ्या मनगटाला त्याने नखं मारली. मामाने मध्ये पडून सोडवलं. तो गेल्यावर मी दार असं आपटलं की काचेला कोपऱ्यात तडा गेला.

मामा म्हणाला, "दाराने काय घोडं मारलंय तुझं?"


७ मार्च, शनिवार

आज ती दुकानात बसली. माझ्यासमोर. स्टुलावर!

गॉगल बसतो की नाही हे बघायची रीत मामाने पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. पट्टा डोक्यामागे घालायचाच नाही. गॉगल नुसता डोळ्यांच्या खोबणींवर दाबायचा आणि हात सोडायचा. घटकाभर चिकटून राहिला तर तो आपला. पडला तर पट्टा कितीही आवळा, गळणारच. उलट जास्त आवळलं की रबराची कड दुमडते आणि पाण्याला आयती वाट मिळते. पण जो तो आवळतच सुटतो. सरसुद्धा. एवढे मोठे प्रशिक्षक, पण त्यांचं हे चुकतं. सांगणार कोण?

मी गॉगल घेऊन तिच्या डोळ्यांकडे हात नेला, तर तिने डोळे घट्ट मिटले, मान मागे घेतली, स्टूल डुगडुगलं. लाजली! माझ्या हाताला तिची टोपीसुद्धा लागली नव्हती, आणि ही लाजली. रात्रभर आता झोप नाही.

"मी लावते," ती म्हणाली. "तू हात नको लावू. नुसतं सांग."

मी सांगत गेलो, ती दाबत गेली. दुकानातला प्रत्येक नमुना झाला. लहान काच, मोठी काच, जाड कड, पातळ कड. उजवी बाजू धरते, डावी सुटते आणि अख्खा गॉगल नाकावरून लोंबतो. शेवटी शेवटी आम्ही दोघं हसत होतो. तिच्या डाव्या डोळ्याखाली कातडी पिवळट दिसली.

"हे काय झालं?"

"वळताना भिंतीवर आपटले."

"भिंत बघून वळावं, पाणबुडी."

"दिसतच नाही ना. गॉगलमध्ये पाणी असतं."

यावर मी इतका हसलो की मामाने आतून डोकं बाहेर काढलं. मग ती पण हसली. जराशी उशिरा.


१० मार्च, मंगळवार

शहरातलं एकही दुकान सोडलं नाही. पोहण्याचे गॉगल म्हणून जे जे मिळालं ते पिशवी भरून आणलं. ती दुपारी आली, एकेक दाबून बघितला. डावी बाजू सुटते. सुटतेच. तिचा चेहरा पडला. "राहू दे रे. माझंच तोंड वाकडं," म्हणाली आणि गेली.

तिचं तोंड वाकडं? मी मागच्या अंगणात गेलो, पिशवी उपडी केली आणि टाचेने एकेक गॉगल चिरडला. काचा कडकड मोडत होत्या. एक तुकडा चपलेतून आरपार टाचेत गेला, तरी थांबलो नाही. रक्ताची छान नक्षी झाली फरशीवर. ज्या कारखान्यातून हा माल येतो तिथल्या मालकाचं डोकं असतं टाचेखाली तर बरं झालं असतं. मामाने वरच्या खिडकीतून बघितलं आणि बादली खाली सोडली.

संध्याकाळी सर स्वतः दुकानात आले. मी उठून उभा राहिलो.

"तू तिच्या मागे गॉगल घेऊन फिरतोस म्हणे."

"नाही सर, म्हणजे, गळतो म्हणून..."

"गळत नाही. सबब आहे ती. पट्टा आवळायला सांग तिला."

मी चाचणीचं विचारलं. म्हणाले, "चाचणी देईल, लोकांना वेळ कळू दे तिची. पण जाणार कुठेही नाही. माझ्या हाताखालीच तयार होईल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबला. बोटं अशी की खांदा अजून ठणकतोय. कसलेला खेळाडू!

खरं लिहायचं तर, 'जाणार कुठेही नाही' हे ऐकून मला आतून गुदगुल्या झाल्या. सर आपल्या बाजूचे आहेत.


१२ मार्च, गुरुवार

अर्ध्या इंजिनिअरला पूर्ण कल्पना सुचली. गॉगलसाठी चेहरा शोधायचा नाही, चेहऱ्यासाठी गॉगल करायचा.

मुलांची खेळायची मऊ माती आणली, पट्टी लाटली आणि तिला म्हटलं, गॉगलसारखी डोळ्यांवर दाब, तूच. तिने दाबली. मातीच्या पट्टीत दोन खोबणी उठल्या. त्यात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर हातात आला तिच्या चेहऱ्याचा पांढरा तुकडा: दोन डोळ्यांच्या कडा आणि नाकाचा वरचा भाग. मी तो तासभर नुसता हातात घेऊन बसलो होतो. मग अंगठा फिरवला. उजवीकडे हाड गोल वळतं, डावीकडे खालच्या बाजूला एक पायरी आहे. अंगठा चक्क घसरून खाली उतरतो. पाणी तिथूनच शिरतं!

सापडलं! ओरडलोच मी. निसर्गाने हिला सगळ्यांपेक्षा वेगळी बनवलीय, आणि कारखाने बसलेत सगळ्यांसाठी एकच साचा धरून. तेवढी पायरी भरून काढणारी कड केली की झालं.

मामाने तो तुकडा हातात घेतला, त्यानेही अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "तिला विचारलंस का, कधीपासून आहे हे?"

"जन्मापासून असणार."

मामाने तुकडा खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवावं. "विचार एकदा," एवढंच म्हणाला.

काय विचारायचं त्यात? मुलीला कुणी विचारतं का, तुझं हाड असं का म्हणून!


१४ मार्च, शनिवार



तलावावरच्या जीवरक्षकाला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती सतत त्याच्या तोंडात. दांडगा माणूस. आज मी रबराच्या पट्ट्या दाखवायला तिला शोधत प्रथमोपचाराच्या खोलीपाशी गेलो. दार अर्धं उघडं. शिट्टीने तिची हनुवटी हातात धरली होती. तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं होतं. आणि ती डोळे मिटत नव्हती, मान मागे घेत नव्हती. माझ्या हातापुढे लाजणारी मुलगी त्याच्या हातात तोंड देऊन उभी होती.

आणि म्हणत काय होती? "कुणाला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

तो म्हणाला, "पाच तारखेपर्यंत कळ काढ. मग सगळं नीट होईल."

कुणाला सांगू नकोस! मी प्लास्टरचा तुकडा उशाशी घेऊन झोपतो, आणि यांचं कुणाला सांगू नकोस!

उद्या तो कपडे बदलायच्या खोलीत एकटा असतो त्या वेळी गाठतो. बघतोच.


१६ मार्च, सोमवार

एका डोळ्याने लिहितोय. डावा बंद आहे.

काल शिट्टी एकटा होता. मी आत शिरलो आणि म्हणालो, "तिच्यापासून लांब राहा."

तो कुणापासून म्हणून विचारेना. उलट म्हणाला, "हळू बोल, वेड्या. सगळं उधळशील."

मी पहिला ठोसा त्याच्या पोटात मारला. तो वाकला, पण हात नाही उचलला. म्हणाला, "तुला काही माहीत नाही." हे वाक्य मला जन्मापासून लोक ऐकवतायत. मी त्याचं डोकं कपाटाच्या पत्र्यावर आपटलं. पत्र्याला खळगा पडला. ओल्या फरशीवर दोघं पडलो, साबणाचं पाणी, रक्त, सगळं एक. तो माझे हात धरून ठेवत होता, नुसते धरून, आणि त्यानेच मी जास्त पेटलो. सुटलो, दाराकडे पळालो, तो मागे आला, चौकटीला हात लावून म्हणाला, "ऐकून तर घे." मी लोखंडी दार होती नव्हती तेवढी ताकद लावून ओढलं. त्याची बोटं मध्ये होती.

तो आवाज मी लिहीत नाही.

तेव्हा त्याने मारलं. एकच. दुसऱ्या हाताने, डाव्या डोळ्याच्या खाली. मला वाटलं गालात वीट घुसली.

डॉक्टरना सांगितलं, पोहताना भिंतीवर आपटलो. हे आपोआप तोंडात आलं. तो म्हातारा हसला. "भिंत अशी नेमकी लागत नाही रे बाळा. भिंतीवर आधी कपाळ फुटतं, नाही तर नाक. गालाचं हाड असं एका जागी आत बसलं की ते मुठीचं काम. डावा गाल, म्हणजे मारणाऱ्याचा उजवा हात..." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सूज उतरली तरी खाच राहील. शस्त्रक्रिया करून घे." नाही म्हटलं.

शिट्टीची दोन बोटं मोडलीत. आणखी एक कळलं: त्याला बायको आहे, कडेवर मूल आहे. म्हणजे वर बायकोलाही फसवतोय. जरासुद्धा वाईट वाटत नाही मला.

थोडं वाटतंय. ते बोटांचं.


२२ मार्च, रविवार

सूज उतरली. डॉक्टरने बजावलं होतं पाण्यात जाऊ नकोस, म्हणूनच गेलो. रविवारी दुपारी तलाव रिकामा असतो. माझा स्वतःचा जुना गॉगल, शाळेपासूनचा, कधी थेंबभर आत आला नाही.

उडी मारली आणि डाव्या काचेत पाणी.

काठाशी आलो, झटकला, पुन्हा लावला. पुन्हा पाणी, तिथेच, खालच्या कोपऱ्यात. पट्टा आवळला. जास्त आलं. आणखी आवळला, डोकं फुटेल असा आवळला. काच अर्धी भरली. मी तलावाच्या मध्यावर एका डोळ्याने पाण्याखाली बघत थांबलो, आणि एकदम काठाकडे वळलो. कसाबसा काठाला लागलो.

ओल्या चड्डीने दुकानात पळत गेलो. माती लाटली, स्वतःच्या डोळ्यांवर दाबली, प्लास्टर ओतलं, सुकेपर्यंत दुकानात येरझारा. मग दोन पांढरे तुकडे शेजारी ठेवले. तिचा आणि माझा. अंगठा फिरवला.

तीच पायरी. त्याच जागी.

तिला भिंत लागली नव्हती.

मग एकेक गोष्ट अंगावर आली. फाट्कन तो आवाज, तो पाण्याचा नव्हता. पाण्यावर बांबू आपटला की चपाक्कन वाजतो, मला माहीत आहे, नवशिक्यांच्या वेळी रोज ऐकतो. खांद्यावरची ती बोटं. ती माझ्यापुढे लाजली नव्हती. माझा हात वर गेला होता म्हणून तिने डोळे मिटले होते. शिट्टी हाड तपासत होता. 'पाच तारखेपर्यंत कळ काढ.'

आणि मी लिहिलं होतं, बाप असावा तर असा. ते पान फाडून गिळावंसं वाटतंय.

उद्या पहाटे सराव आहे.


२४ मार्च, मंगळवार

काल दिवसभर कोठडीत होतो. मामाने सोडवून आणलं. डोकं शांत आहे तोवर लिहून टाकतो.

पहाटे गेलो. ती काठाशी होती, सर वाकून तिचा पट्टा मागे ओढत होते. "गळतं म्हणून रडतेस? आवळ!" पट्टा इतका ओढला की तिचं डोकं मागे गेलं, गळा ताणला गेला.

मी पळत गेलो. सर वळेपर्यंत मी त्यांच्या तोंडावर मारलं. ओठ दातांवर फाटलेला मला हाताला कळला. त्यांनी बांबू उचलला, माझ्या बरगड्यांवर बसला, मी तो हिसकून गुडघ्यावर मोडला आणि अर्धा त्यांच्या पाठीत घातला, पुन्हा घातला. मग त्यांच्या अंगावर झेप घेतली आणि दोघं खोल बाजूला पडलो.

पाण्याखाली मी त्यांची मान धरली. गॉगल नव्हता, डोळे उघडे होते, क्लोरीनने जळत होते. त्यांच्या तोंडातून लाल धूर निघावा तसं रक्त वर जात होतं. ते हात मारत होते. नंतर कमी मारू लागले. मला आनंद होत होता. हे लिहिलंच पाहिजे. आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मग हनुवटीखाली काहीतरी टणक आलं आणि माझी मान मागे ओढली गेली. शिट्टीचा प्लास्टर घातलेला हात. त्याने आधी सरांना वर ढकललं, मग मला. फरशीवर सर पालथे पडून पाणी ओकत होते, दोन दात समोर पडलेले. बारकी पोरं एका कोपऱ्यात रडत होती.

मला वाटलं, ती माझ्याकडे येईल.

ती सरांकडे गेली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि "बाबा, बाबा" करत ओरडत राहिली. मी तिच्या दिशेने हात केला. सांगायचं होतं, संपलं, आता कुणी हात लावणार नाही तुला.

तिने डोळे घट्ट मिटले.

सरांनी तक्रार केली नाही. का, ते पोलिसाला कळेना. तक्रार केली तर बांबूबद्दलही बोलावं लागेल. शिट्टीनेही केली नाही, बोटांचीसुद्धा. तलावावर मात्र मला आता कायमची बंदी.

घरी येताना मामा म्हणाला, "तुला दार उघडायलाही लाथ लागते आणि लावायलाही लाथच."

मी म्हणालो, "तो तिला मारत होता, मामा."

"माहीत आहे. तो तुकडा हातात घेतला तेव्हाच कळलं. तुझ्या आईचं मोडून जुळलेलं मनगट मी बघितलंय."




३० मार्च, सोमवार

दुपारी शिट्टी दुकानात आला. मी काउंटरच्या बाहेर येऊन उभा राहिलो. म्हटलं, मार. मनापासून म्हटलं.

"तुला मारून माझी उरलेली बोटं कशाला मोडू?" तो स्टुलावर बसला. "आम्ही ठरवलं होतं, माझ्या बायकोने आणि मी. चाचणीच्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन आमच्याकडे यायची. चाचणी, आणि तिथूनच परस्पर वसतिगृहात. अठरा पूर्ण आहेत तिला, सही कुणाची लागत नाही. बापाला वास लागू द्यायचा नव्हता. महिनाभर जपलं रे. ती मार खात होती आणि आम्ही जपत होतो, म्हणजे बघ."

"आता काय?"

"आता बाप इस्पितळात. आत्या आलीय, सगळे आलेत. बाप मरता मरता वाचला आणि हिला पोहायचं सुचतंय, असं चाललंय. उशाशी बसवलंय तिला. पाण्यात पाय नाही गेला आठवडाभर." तो उठला. "मला तुझी माफीबिफी नको. तू तो गॉगल करणार होतास ना? तेवढा कर. तेवढं तुला येतं."

मी 'ती येईल का चाचणीला' विचारलं.

"माहीत नाही. पण आली तर डोळे उघडे पाहिजेत तिचे."

तो गेला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. चांगल्या काचांचा एक गॉगल घेतला, डाव्या काचेची कड ब्लेडने सोलली. पहिली कड जाड झाली, काच वर उचलली गेली. दुसरी फाटली. हातातलं ब्लेड भिंतीवर फेकायला उचललं होतं. खाली ठेवलं. तिसरी.


२ एप्रिल, गुरुवार

मऊ रबर, थोडं थोडं, पायरीच्या उताराला. प्लास्टरवर दाबायचं, पाण्याच्या बादलीत बुडवायचं, बाहेर काढून बघायचं. ओलं. पुन्हा तासायचं. पुन्हा. एवढ्या हळू मी आयुष्यात काही केलं नसेल. घाई केली की कड बिघडते. जोर केला की बिघडते. शिव्या देऊन तिला काही फरक पडत नाही.

आधी माझ्या तुकड्यावर जमवला. मग तिच्या.

मनात एक घाणेरडा विचार आला, तोही लिहितो. हा दिलाच नाही तर? गळकाच गॉगल घालून ती चाचणी देईल, निवड होणार नाही, इथेच राहील. बाप आता तिला हात लावणार नाही, मी आहे ना दाराशी. मी रोज पहारा देईन.

मग मला दिसलं की हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय. 'जाणार कुठेही नाही.'

संध्याकाळी बादलीतून काढलेली डावी काच आतून कोरडी होती. अगदी कोरडी. मी बोट फिरवून पाहिलं.


४ एप्रिल, शनिवार

शिट्टीचा निरोप आला. ती इस्पितळातून उठून त्यांच्या घरी आलीय. गॉगल घेऊन ये.

त्याने दार उघडलं. "पाच मिनिटं. आणि हात खिशात ठेव."

लहान खोली. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात भरलेली बॅग. शिट्टीची बायको आतल्या खोलीत मुलाला थोपटत होती. शिट्टी मधल्या दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. ती टेबलापलीकडे बसली होती. डोळ्यांखाली काळं, पण मारल्याचं नव्हे, जागरणाचं. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मला वाटलं होतं..." मी सुरुवात केली.

"तुला काय वाटलं होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आता मी सांगते. तू मारलंस, आणि आठवडाभर त्यांना चमच्याने पाणी मी पाजलं. ते रडत होते. माझा हात धरून, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मारणाऱ्याला सोडून जायची मी तयारी केली होती रे. कधीची केली होती. रडणाऱ्याला कसं सोडायचं, त्याची नव्हती."

मला खूप बोलायचं होतं. की तो नाटक करतोय. की परत मारेल. की मी तिच्यासाठी काय काय केलं. जबडा आवळून बसलो.

"पण सोडलंस," मी म्हणालो.

"हो. आज. आत्याने सगळ्यांसमोर कानाखाली मारली. म्हणजे थोडं सोपं केलं तिने." ती किंचित हसली. "दे, बघू."

मी गॉगल टेबलावर ठेवला. तिने उचलला, डावी कड निरखली, नखाने चाचपली. मग पट्टा तसाच मागे सोडून डोळ्यांवर दाबायला लागली. नाकावरचा तुकडा थोडा वाकडा होता. तो सरळ करायला माझा हात आपोआप खिशातून निघाला.

तिने डोळे मिटले. गॉगलच्या काचेमागे, घट्ट.

माझा हात टेबलाच्या वर, हवेतच राहिला. शिट्टी हलला नाही. आतलं थोपटणं थांबलं. मी त्या हाताकडे बघितलं. बोटांच्या सांध्यांवर अजून खपल्या होत्या, सरांच्या दातांच्या. मी हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"थोडा डावीकडे सरकव," म्हणालो. "नाकाजवळ. हां. आता सोड."

तिने हात सोडला.

गॉगल राहिला. पट्ट्याशिवाय, कुणी न धरता, तिच्या चेहऱ्यावर राहिला. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खाली घातली. राहिला. हळूच तिने डोळे उघडले. काचेतून माझ्याकडे बघितलं.

"पट्टा सैल ठेव," मी म्हणालो. "पाण्यात निसटतोय असं वाटेल. वाटू दे. आवळलास की गळेल."

"बरं."

"सकाळी मी तुला तिथपर्यंत..."

"नाही." तिने गॉगल काढला आणि पदकासारखा मुठीत धरला. "तू येऊ नकोस. उद्या पण नको. नंतर पण नको. मला पाण्यातून डोकं बाहेर काढल्यावर काठावर कुणी उभं असलेलं नको आहे."

महिन्यापूर्वी मी काय केलं असतं, मला माहीत आहे. टेबल उलटं केलं असतं. छातीत अगदी तसंच उसळलं होतं, स्टूल उचलताना उसळलं होतं तसंच. ते गेलेलं नाही. ते कुठे जाणार!

मी उठलो. "चांगली पोह," म्हणालो.

दाराशी पोहोचलो तेव्हा ती मागून म्हणाली, "आपटू नकोस. बाळ झोपलंय."

मी बाहेर आलो. दाराची मूठ फिरवून धरून ठेवली, दार हळूहळू ओढलं, चौकटीला टेकेपर्यंत, आणि ते टेकल्यावरच हात सोडला.